जखम कुठली, केवढी, कधीची? कागदावर लिहून घ्या



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई आल्या. हप्त्याचे पैसे काढायच्या आधी त्यांनी पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "ह्यात काय लिहिलंय ते कुणीतरी मला नीट वाचून सांगा. ह्या कागदापायी घरात रोज बोलणी खातेय मी."

तो कागद होता त्यांच्या सासूबाईंच्या डिस्चार्ज कार्डाचा. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. पावसाळ्यात अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं, तिथं १८ दिवस होत्या. मुलगा आणि धाकटा दीर आळीपाळीने सोबतीला, ताई घरी गुरं आणि पोरं बघायला. आजींना घरी आणलं त्या दिवशी सगळे खुशीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी आत्यांना कुशीवर करून अंग पुसायला घेतलं तर माकडहाडाजवळ तळहाताएवढी जखम, मधोमध काळी.

डिस्चार्ज कार्डावर हाडाबद्दल सगळं होतं. कुठला रॉड घातला, टाके कधी काढायचे, कुठली गोळी किती वाजता. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, तीन शब्द: "अल्सर, ड्रेसिंग करणे." संपलं.

गावातल्या मेडिकलवाल्या पोराने ते वाचलं आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. आम्हाला आधी हसू आलं, पण त्याचं तरी काय चुकलं? आपल्याकडे अल्सर म्हटलं की पोटातलाच. डॉक्टरांच्या भाषेत मात्र कातडीचा किंवा आतल्या अस्तराचा थर गेला आणि ती जागा उघडी राहिली की तो अल्सर, मग तो पोटात असो, तोंडात असो, पायाला असो की पाठीला. नुसतं "अल्सर" लिहिणं म्हणजे "गाडी आली" म्हणण्यासारखं आहे. एसटी आली की उसाचा ट्रॅक्टर, ते पुढे सांगायला नको का?

पाच-सहा दिवसांत जखमेला वास यायला लागला, ताप भरला, म्हणून आजींना दुसऱ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ही जखम कधीपासून आहे? घरी आणली तेव्हा केवढी होती?" कुणालाच सांगता येईना. पहिल्या रुग्णालयाला फोन केला तर उत्तर आलं, "आमच्याकडून गेल्या तेव्हा एवढं काही नव्हतं, घरी नीट बघितलं नसेल." आणि मग घरातली सगळी माणसं ताईंकडे बघायला लागली. अठरा दिवस रुग्णालयात, दोन दिवस सुनेच्या हातात, आणि दोष दोन दिवसांचा.

चूक कुणाची, हे आम्ही सांगणार नाही. आम्ही तिथं नव्हतो. पण एवढं खरं की दाबाने आतलं मांस मरायला लागलं तरी ते वर कातडीवर दिसायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दिसलेली काळी जखम घरीच झाली, असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आणि रुग्णालयातच झाली असं म्हणायचं तर त्यालाही कागद लागतो. म्हणून आज जखमेच्या मलमाबद्दल फार बोलणार नाही, जखमेच्या लिखाणाबद्दल बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे जखमेचं पूर्ण नाव. त्यात कारण येतं. एक उदाहरण घेऊ. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला न भरणारी जखम आहे. ती पायाच्या शिरा फुगून, रक्त खाली साचून झालेली असू शकते. तासन् तास उभ्याने भाकरी थापणाऱ्या, हॉटेलात, कारखान्यात उभं काम करणाऱ्या बायकांच्या पायावर अशा निळ्या, वाकड्यातिकड्या शिरा आपण सगळ्यांनी पाहिल्यात. ह्या जखमेला घट्ट पट्टा बांधणं हा उपचाराचा मोठा भाग आहे. पण पायाकडे रक्त नेणारी वाहिनीच अरुंद झाली असेल, तर तोच घट्ट पट्टा पायाचं उरलंसुरलं रक्त तोडतो. दिसायला दोन्ही जखमा, उपचार मात्र उलटे. कागदावर नुसतं "पायाला जखम" असेल तर पुढचा माणूस कशाच्या आधारावर पट्टा बांधणार?

मधुमेहाचं तसंच. साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, खडा टोचला तरी कळत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. मग तळव्याला जखम. तिथं कागदावर दोन्ही गोष्टी हव्यात: मधुमेह आहे, आणि त्यामुळे पायाला जखम आहे. केसपेपरवर एकीकडे "मधुमेह" आणि दुसरीकडे "तळव्याला जखम" असं तुटक असलं, तर नुसतं ड्रेसिंग होत राहतं आणि साखरेकडे कुणी बघत नाही. कुष्ठरोगात बरं झाल्यावरही पाय बधिर राहतो आणि तळव्याला जखम होते. ती कुष्ठरोगाची म्हणून नोंदली गेली तर सरकारी कार्यक्रमातून मऊ तळव्याची एमसीआर चप्पल आणि ड्रेसिंगचं सामान फुकट मिळतं. लाजेपायी कुणी तो शब्द लिहूच दिला नाही तर चप्पलही नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही, औषधाने तो रोग पूर्ण बरा होतो.

आणि आजींची जखम दाबाची. एकाच कुशीवर, एकाच जागेवर पडून राहिलं की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते, तिथलं रक्त थांबतं. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, खांद्याचं हाड, डोक्याची मागची बाजू, ह्या तिच्या ठरलेल्या जागा. मराठीत पुस्तकवाले तिला शय्याव्रण म्हणतात, डॉक्टर बेडसोर किंवा प्रेशर अल्सर.

दाबाच्या जखमेच्या चार पायऱ्या असतात आणि ही पायरी लिहिणं फार महत्त्वाचं. पहिलीत कातडी फुटलेली नसते, पण लाल डाग दिसतो आणि बोटाने दाबून सोडलं तरी तो पांढरा पडत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर हा लालपणा पटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघावं: ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का. दुसरीत वरची कातडी सोलवटते किंवा पाण्याचा फोड येतो. तिसरीत कातडी पूर्ण जाऊन खालची चरबी दिसते, खड्डा पडतो. चौथीत स्नायू, हाड. आणि वर काळी खपली किंवा पिवळा चिकट थर बसला असेल तर खाली किती खोल आहे हे कळत नाही, तेव्हा "पायरी ठरवता येत नाही" असंच लिहितात. ते लिहिणंही बरोबरच आहे, अंदाजाने "दुसरी" लिहिण्यापेक्षा कितीतरी बरं. आणखी एक: चौथ्या पायरीची जखम भरत आली म्हणून तिला तिसरी, मग दुसरी असं लिहीत नाहीत. ती "भरत आलेली चौथी"च राहते, कारण आत गेलेलं मांस तसंच्या तसं परत येत नाही. तिथं वण येतो, आणि तो तेवढा मजबूत नसतो.

आता कोडबद्दल. आमच्या तालुक्यातली एक मुलगी पुण्यात मेडिकल कोडिंगच्या कंपनीत कामाला आहे. ती सुट्टीला आली तेव्हा आम्ही तिला केंद्रावर बोलावलं. तिच्या आईला गावात सगळे विचारतात, पोरगी नर्स आहे का? नाही. ती अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी संगणकावर वाचते आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला आकडा देते. त्या आकड्यांवर तिकडे विम्याचे पैसे मिळतात.

आजारांच्या आकड्यांची मूळ यादी जागतिक आरोग्य संघटनेची आहे, आयसीडी म्हणतात तिला. तिची दहावी आवृत्ती आपल्याकडेही वापरात आहे. त्या यादीत दाबाच्या जखमेचा नंबर आहे एल ८९. पुढे टिंब देऊन ० म्हणजे पहिली पायरी, १ म्हणजे दुसरी, २ म्हणजे तिसरी, ३ म्हणजे चौथी. (एक आकडा मागे का, हे आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, मोजणी शून्यापासून, त्याला मी काय करू!) आणि ९ म्हणजे पायरी लिहिलेलीच नाही. शिरा फुगून झालेल्या जखमेचा नंबर वेगळाच, आय ८३.०. पायाच्या ज्या जखमेचं दुसरं कारण लिहिलेलं नाही ती एल ९७ मध्ये जाते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पायाचं रक्त कमी पडून झालेली जखम ई ११.५ मध्ये.

अमेरिकेने ही यादी आणखी बारीक केली आहे. तिथं आजींची जखम तिसऱ्या पायरीची असती तर एल ८९.१५३ असं लिहिलं गेलं असतं. त्यातला १५ म्हणजे माकडहाडाजवळची जागा आणि शेवटचा ३ म्हणजे पायरी. उजव्या टाचेला ६१, डाव्या टाचेला ६२. "डावी-उजवी लिहिली नसेल तर मी अडकते," ती म्हणाली. "मला पेशंट दिसत नाही. मला फक्त लिहिलेलं दिसतं. आणि मनाने काही घालायची मला परवानगी नाही."

तिने सांगितलेली एक गोष्ट आमच्या डोक्यात राहिली. तिच्या नियमात, जखमेचं नाव म्हणजे निदान हे डॉक्टरांच्याच लिखाणातून घ्यावं लागतं. पायरी मात्र नर्सने लिहिलेली असली तरी चालते, कारण रोज पाठ बघते ती नर्स. पण डॉक्टरांनी "दाबाची जखम" असं लिहिलंच नसेल तर नर्सने पायरी कितीही नीट लिहिलेली असो, कोड देता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. ऑक्टोबर २००८ पासून त्यांनी ठरवलं की तिसऱ्या-चौथ्या पायरीची दाबाची जखम रुग्णालयात असताना झाली असेल तर तिच्यासाठी जादा पैसे द्यायचे नाहीत. दाखल होताना होती की नंतर झाली, हे प्रत्येक निदानापुढे लिहावं लागतं. त्यामुळे तिथं माणूस दाखल झाला की पहिल्याच दिवशी डोक्यापासून टाचेपर्यंत कातडी बघून लिहून ठेवतात. पैशाचं बोट धरून का होईना, पाठ बघितली जाते.

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांची ठरलेली पॅकेजं असतात आणि त्यांचे वेगळे नंबर. कार्डावर उपचार घ्यायचा असेल तर रुग्णालय आधी कागदपत्रं पाठवून मंजुरी मागतं. निदान अर्धवट असलं तर शंका काढून कागद परत येऊ शकतात आणि माणूस खाटेवर थांबून राहतो. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. त्यांना कोड विचारत बसू नका, एवढंच विचारा: "निदान काय लिहून पाठवलंय? जखम त्यात आहे का?"

मग आपण काय करायचं? दाखल करताना आणि घरी आणताना, दोन्ही वेळा सिस्टरना म्हणायचं, "सिस्टर, आमच्यासमोर पाठ, खुबे आणि टाचा बघा आणि आहे तसं लिहा." हे भांडणाच्या सुरात म्हणायचं नाही. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही, उलट तिचीही बाजू कागदावर येते. डिस्चार्ज कार्डावर जखमेचं नाव, जागा, डावी की उजवी, लांबी-रुंदी, पायरी आणि ड्रेसिंग कशाने व किती दिवसांनी, एवढं असल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. जखम नसेल तर "कातडी चांगली आहे" हेही लिहून घ्यायचं.

घरी एक वही करायची. पोरांची चाळीस पानी चालते. तारीख, जागा, मग मोजमाप. डोक्याकडून पायाकडे ती लांबी, आडवी ती रुंदी, सेंटिमीटरमध्ये, पोरांच्या कंपासपेटीतल्या पट्टीने. पट्टी जखमेला टेकवायची नाही, शेजारी धरायची. खोली आपण मोजायची नाही, ते काम सिस्टरचं. मग रंग: लाल, पिवळा, काळा, किती भाग कुठला. पाणी किंवा पू किती, पट्टी दिवसात किती वेळा भिजली. वास. कडेची कातडी कशी आहे. दुखतं का. ताप. शेवटी आपली सही किंवा अंगठा, आणि कुणी कूस बदलली, किती वाजता. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला सांगतात, पण गादी कशी आहे आणि माणूस कसा आहे त्यावर डॉक्टर वेळ ठरवून देतात. तो वेळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जखमेवर हळद, चुना, तंबाखू, जांभळं औषध असलं काही लावून नेऊ नका. बाकीचं नुकसान राहू द्या, पण जखमेचा खरा रंगच झाकला जातो आणि बघणारा चुकीचं लिहितो. लाल डागावर जोराने चोळणंही नको, आतली चेंगरलेली कातडी त्याने आणखी फाटते.

आठवड्यातून एकदा फोटो काढायला हरकत नाही, शेजारी पट्टी आणि तारखेची चिठ्ठी ठेवून. पण आधी त्या माणसाला विचारा. आजी झाल्या म्हणून काय झालं, पाठीखालच्या भागाचा फोटो आहे तो. तो डॉक्टर किंवा सिस्टरपुढे उघडायचा, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण आम्ही तसं झालेलं पाहिलंय.

आणि ताप, वाढता वास, नव्याने काळं पडणं, भोवतीची लाली पसरणं, हाड दिसणं, किंवा माणूस एकदम गुंगीत जाणं, यातलं काहीही झालं तर वही भरत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात. वही सोबत न्या.

कागद मागायचा हक्क आपल्याला आहे, हे ताईंना माहीत नव्हतं. आमच्यातल्याही निम्म्या जणींना नव्हतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी ३ वर्षं सांभाळून ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज साध्या कागदावर करायचा, नाव, दाखल आणि डिस्चार्जची तारीख, नोंदणी क्रमांक टाकायचा. "इनडोअर केसपेपर, नर्सिंग नोट्ससह" असं स्पष्ट लिहायचं, नाहीतर परत तेच डिस्चार्ज कार्ड हातात देतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायची.

ताईंनी आजींचा अंगठा घेऊन तसा अर्ज केला. त्यांचा नवरा आधी "कशाला नसती लफडी" म्हणत होता, पण गेला सोबत. चौथ्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा मिळाला. आम्ही तो बैठकीत चटईवर पसरून वाचला. नवव्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरने लिहिलं होतं: माकडहाडाजवळ लाली, डॉक्टरांना सांगितलं. चौदाव्या दिवशी: कातडी सोलवटली आहे, अंदाजे २ बाय २. सतराव्या दिवशी: मधला भाग काळसर. डॉक्टरांच्या पानावर अठराही दिवस फक्त हाड. डिस्चार्जच्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, म्हणून कोपऱ्यात ते तीन शब्द.

त्या सिस्टरचं नाव आम्हाला माहीत नाही, सही वाचता येत नाही. पण तिने लिहून ठेवलं नसतं तर ताई आजही बोलणी खात असत्या. ताईंनी ती तीन पानं घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. दीर उठून बाहेर गेला. सासूबाई म्हणाल्या, "मी तर सांगत होते तिथं, आग होतीय म्हणून."

आजींच्या जखमेवरची काळी खपली दुसऱ्या रुग्णालयात काढली. आता ड्रेसिंग एक दिवसाआड उपकेंद्रातल्या सिस्टर येऊन करतात आणि खोलीही त्याच मोजतात. निदानाच्या जागी आता "माकडहाडाजवळ दाबाची जखम, चौथी पायरी" असं पूर्ण लिहिलेलं आहे. कूस बदलायचा रात्री दोनचा गजर ताईंच्या नवऱ्याच्या मोबाइलवर लावलाय. परवा ताई वही घेऊन आल्या होत्या. शेवटची नोंद: लांबी ६, रुंदी ४, रंग लाल, वास नाही, ताप नाही. त्याखाली नवऱ्याची सही.